आमच्यात बसतात

आवाज बसतो, धंदा बसतो, भिंत बसते, धक्का बसतो, मार बसतो. आमच्या घराण्यात माणसं बसतात.

म्हणजे दमून टेकतात तसं नव्हे. चांगला चालता-बोलता माणूस, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, एका सकाळी चहा पितो, नेहमीच्या जागेवर जाऊन बसतो आणि मग उठत नाही. ताट पुढे केलं तर दोन घास खातो. आंघोळ कर म्हटलं तर दुपारपर्यंत करतो. काय होतंय विचारलं तर मान हलवतो, आणि ती 'हो' म्हणून हलवली की 'नाही' म्हणून, ते आपण ठरवायचं. आजोबा खिडकीशी बसले ते अकरा वर्षं. एक काका पस्तिशीत बसले आणि आठ महिन्यांनी उठले, पुढे तीस वर्षं ते रस्त्याने तरातरा चालताना दिसले तरी लोक विचारायचे, "काय, उठलात?" वडील बसले अडतिसाव्या वर्षी. यात कोणाला लाज नव्हती आणि कोणी औषधही शोधलं नाही. काही घराण्यांत टक्कल लवकर पडतं, आमच्यात बसतात. मला दोन्हींची धास्ती होती. टक्कल पडलं.

ही गोष्ट माझ्या ताईची. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि मोटारी भरते. मोटारी म्हणजे रस्त्यावरच्या नव्हेत, त्या माझ्याकडे. मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. ताईच्या मोटारी म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, पंख्याच्या, शिलाई यंत्राच्या. जळालेल्या मोटारीतून काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी तार लाकडी फर्म्यावर मोजून गुंडाळायची, ती वेटोळी मोटारीच्या खाचांत नीट दाबायची, वॉर्निश पाजायचं आणि भट्टीत वाळवायचं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लोखंडी शटर, खिडकीखाली लांब टेबल, त्यावर फर्मा आणि तो फिरवायचा दांडा, भिंतीला जाडीप्रमाणे लावलेली तारेची रिळं. वॉर्निशचा वास इतका मुरलेला, की मी तिथे एकदा विसरलेली छत्री महिनाभर दुकानाची वाटत होती. पुढच्या बाजूला भावजी, म्हणजे ताईचे यजमान, गिऱ्हाइकांशी बोलायला. भावजींचं काम तोंडाचं, ताईचं मोजण्याचं.

त्या घरात एकच कायदा होता. मोजणी चालू असली की ताईशी बोलायचं नाही. ती तोंडातल्या तोंडात मोजते. अडुसष्ट वेढे तर अडुसष्ट, एक कमी नाही, एक जास्त नाही. मध्येच कोणी "अहो" केलं आणि आकडा निसटला, की सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून. आकडा दाखवणारं यंत्र मिळतं, भावजींनी हौसेने आणलंही होतं. ताईने त्याच्यावर फडकं टाकून ठेवलं. "ते वेढे मोजतं. तार कुठं सैल पडली ते सांगत नाही," म्हणाली. मी एकदा खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन तिच्या दारात उभा होतो. भावजींनी ओठांवर बोट ठेवलं. ती तेविसावर होती. अडुसष्ट झाले, तिने तार कापली, मग वर बघून म्हणाली, "अरे, खाली ठेव की. उभा काय राहिलास?"

गिऱ्हाइकांचा प्रश्न ठरलेला असायचा: मोटार जळाली कशाने? त्यांना एक आरोपी हवा असतो. वीज कंपनी म्हणा, आधीचा कारागीर म्हणा, बायको म्हणा. ताईचं उत्तरही ठरलेलं. "एका कारणानं नाही जळत. तारेवरचा थर मुळात कच्चा असतो, तरी मोटार वर्षानुवर्षं चालते, कोणाला कळतसुद्धा नाही. मग कधीतरी पाणी नसताना कोरडी फिरते. चांगल्या थराची असती तर तेवढं सोसलं असतं. कोरडी फिरली नसती तर कच्च्या थरानंही निभावलं असतं." गिऱ्हाईक भावजींकडे बघायचं, म्हणजे नक्की कोणाचं चुकलं? भावजी म्हणायचे, "उद्या संध्याकाळी घेऊन जा."

मला सगळे बकल म्हणतात. माझे विद्यार्थीसुद्धा माझ्या पाठीमागे म्हणतात आणि त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. सहा वर्षांचा असताना मी मावशीकडे राहायला गेलो. वडील नुकतेच गेले होते आणि आईच्याने दोन पोरं ओढवत नव्हती, म्हणून मावशीने एकाला नेलं. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी मावशीने मला नवे कोरे बूट घातले: लाल, पट्ट्याचे, बाजूला चकचकीत बकल. मुलींचे असतात तसले. शिवाय दोन मापं मोठे, पुढे कापूस कोंबलेला. "वाढत्या पायाचे घेतलेत," मावशी म्हणाली, "आणि बकलाचे मुलांनाही चालतात." मुलांना अजिबात चालत नव्हते, ते मला मधल्या सुट्टीपर्यंत कळलं. बूट गेले, नाव राहिलं. चाळीस वर्षं मी हा किस्सा सांगून लोकांना हसवत आलो आहे.

मावशीकडचं माझं लहानपण मजेत गेलं हे इथेच सांगून टाकतो. गुडघा फुटला तर ती फुंकर घालायची. गणितात नापास झालो तर मावशीचे यजमान रागवायचे आणि मग स्वतःच माझ्याशेजारी बसून गणितं चुकवायचे. रात्री अंथरूण ओलं व्हायचं, तर सकाळी चादर बदललेली असायची आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचं नाही. हळूहळू ते थांबलं.

ताई आईजवळ राहिली.

आता वडिलांचं. तेही मोटारी भरायचे, आणि ताई पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांच्यासाठी मोजायची. ते दांडा फिरवायचे, ही आकडे म्हणायची. मग ते बसले. आई दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला लागली. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. जाताना ती सात वर्षांच्या ताईला सांगायची, "बाबांकडे लक्ष ठेव." ताईची शाळा त्या वर्षी सुटली. मला शेजारच्या बाईंकडे सोडलेलं असायचं, त्यामुळे मला वडिलांचा फक्त पायजमा आठवतो.

पुढचं ताईने मला आयुष्यात एकदाच सांगितलं, आई गेली त्या आठवड्यात, तिचं कपाट आवरताना. वडील बसून नववा महिना चालू होता. ताई रोज त्यांच्यासमोर टेबलाशी बसायची आणि जुनी तार फर्म्यावर गुंडाळत मोठ्याने मोजायची, कारण मोजणी ऐकताना ते कधीकधी तिच्याकडे बघायचे. त्या दुपारी ती एकेचाळीसवर होती आणि ते उठले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. तिला त्यांचे पाय तिच्या बाजूने जाताना दिसले. पण मोजणी मध्ये सोडायची नाही हे त्यांनीच तिला शिकवलेलं होतं, आणि तिला वाटलं, आपण अडुसष्ट नीट पूर्ण केले तर त्यांना बरं वाटेल. तिने अडुसष्ट पूर्ण केले. तार कापली. वर बघितलं तेव्हा दार उघडं होतं.

ते तिसऱ्या दिवशी सापडले.

आई ताईला एकच वाक्य म्हणाली: "तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं." आणि ते एकदाच म्हणून थांबली नाही. दूध उतू गेलं की तेच वाक्य, नळ चालू राहिला की तेच वाक्य, आणि वाक्यामागून हात. हाताला लागेल ते. अशा वेळी आईला दोष देऊ नये म्हणतात. मी देतो. तिचा नवरा गेला होता, ती दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या चादरी धुवत होती, हे सगळं मला कळतं, आणि तरी देतो. आठ वर्षांची पोर होती ती.

एवढं होऊनही ताई उभी राहिली. वडिलांची हत्यारं तिनेच सांभाळली, मोटारी भरायला लागली, भावजींसारखा बडबड्या नवरा मिळाला, एक मुलगी झाली. ती गावभर गप्पा मारत हिंडणाऱ्यांतली नव्हती, पण हसायची. माझ्या टकलावर तिचे तीन ठरलेले विनोद होते. मला वाटायचं, झालं ते झालं, सुटलो आपण.

ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बसली. आधी एका आठवड्यात तीन मोटारी परत आल्या. ताईच्या हातची मोटार परत येणं म्हणजे काय, ते भावजींना विचारा. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी एक उघडून वेढे मोजले. एकसष्ट. दुसरीत सत्तावन्न. त्यांनी ताईला काही सांगितलं नाही, स्वतःच रात्रभर तार उलगडत बसले. पण तिला कळलंच असणार. पुढच्या सोमवारी ती स्टुलावर बसली, तारेचं टोक हातात घेतलं, आणि दांडा फिरवलाच नाही.

भावजींचा फोन आला तेव्हा मी एका बाईंना चौकातून वळण घ्यायला शिकवत होतो. "अरे," ते म्हणाले, "तुझी ताई बसली."

शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो मी कधी दाबला मला आठवत नाही. बाई घाबरून म्हणाल्या, "माझं काय चुकलं?"

दवाखान्यात मी बरोबर गेलो. कागद भरायचा होता, ताई बोलत नव्हती, भावजी तिला धरून बसले होते, म्हणून तो मी ओढून घेतला. मला सरकारी असो की खासगी, कोणताही कागद बघितला की राग येतो. कुटुंबात कोणाला मानसिक आजार होता का? मी 'नाही' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. आमच्या घराण्यात वेडबिड काही नाही, हे मला ठणकावून सांगायचं होतं. त्याखाली होतं: बालपण कसे गेले? मी लिहिलं, 'चांगले'. डॉक्टर बाईंनी कागद वाचला, बाहेरच्या रांगेकडे बघितलं, रक्त तपासायला दिलं, झोपेच्या हलक्या गोळ्या दिल्या. वय आहे, थायरॉइड असेल, सहा आठवड्यांनी या.

ते सहा आठवडे मी विसरणार नाही. रक्तात काही निघालं नाही. ताईची हाडं दिसायला लागली. ती सकाळी स्टुलावर बसायची आणि अंधार पडला की भावजी तिला धरून आत न्यायचे. आजोबांसारखी ती अकरा वर्षं बसेल की काकांसारखी आठ महिन्यांत उठेल, याचा हिशोब घरातला जो तो मनात करत होता. आणि वडील? तेही उठलेच होते की. त्यामुळे ती उठावी म्हणून देवाला हात जोडायचे, की ती उठेल म्हणून दाराला कुलूप घालायचं, हे आम्हाला समजत नव्हतं. भावजींनी कुलूप आणलं होतं. ते लावायचा धीर त्यांना होत नव्हता.

अशाच एका दुपारी भाची मला शटरपाशी भेटली. ती एकोणीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात काम करते. "मामा," ती म्हणाली, "आईनं मला लहानपणी कधीच कशावर लक्ष ठेवायला सांगितलं नाही. गॅसवरच्या दुधावरसुद्धा नाही. दूध कितीदा उतू गेलं असेल आमच्याकडे. आता बाबा कामासाठी बाहेर पडताना रोज सांगतात, आईकडे लक्ष ठेव."

मी आत जाऊन भावजींवर ओरडलो. पन्नाशीच्या माणसाला, त्याच्याच दुकानात, त्याच्या बायकोसमोर. "हे वाक्य पुन्हा या घरात बोलायचं नाही." भावजींना काही ठाऊक नव्हतं. ताईने त्यांना चोवीस वर्षांत सांगितलं नव्हतं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि गिऱ्हाईक नसतानाही पुढच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. ताईने मान वर केली नाही.

दुसऱ्या भेटीत डॉक्टर बाईंनी मलाच विचारलं, सुधारणा आहे का? मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "उठेल हो. आमच्यात बसतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आमच्यात म्हणजे?"

मी सांगितलं. खिडकी, अकरा वर्षं, "काय, उठलात?" सगळं, हशे मिळायच्या जागा धरून. त्या हसल्या नाहीत. वडिलांचं, आईच्या माराचं, उतू गेलेल्या दुधाचं, मी मावशीकडे वाढल्याचं सांगायला लागलो तेव्हा माझाही सूर उतरला. त्यांनी जुना कागद काढला, माझ्या दोन रेघांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग हे 'नाही' का लिहिलंत?"

"तो आजार होता हे कुठं माहीत होतं? आम्ही त्याला बसणं म्हणतो."

"आणि हे? 'बालपण चांगले'. हे कोणाचं बालपण लिहिलंत तुम्ही?"

माझंच लिहिलं होतं.

मग त्या रांग विसरून बोलल्या. म्हणाल्या, हा आजार आहे, आणि त्याचा कल घराण्यातून येऊ शकतो. एकाच कुठल्या जनुकाने येत नाही, बारीक बारीक पुष्कळ असतात, आणि ती असली म्हणून माणूस आजारी पडतोच असंही नाही. पण कोवळ्या वयात रोज भीती, मार, दोष सोसावा लागला, तर धोका वाढतो. आणि दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले तर जास्तच वाढतो. तरीसुद्धा दोन्ही असून कधीच न बसलेली माणसं आहेत, आणि दोन्ही नसून बसलेलीही आहेत. मी त्यांना ताईचं मोटारीचं उत्तर सांगितलं, कच्चा थर आणि कोरडं फिरणं. "माणूस मोटारीइतका सरळ नसतो," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या बहिणीला कळलंय बरंचसं."

"मग मी का नाही बसलो? रक्त तर तेच."

"भावंडांतही वाटणी सारखी नसते. तुमच्यात काय आलंय ते मी नाही सांगू शकत. तुम्हाला मावशी मिळाली, एवढं मात्र दिसतंय."

भाचीही आमच्याबरोबर आली होती. तिने अगदी शांतपणे विचारलं, "आणि मी?" बाई म्हणाल्या, "तुझं दूध उतू गेलं तेव्हा तुला कोणी मारलं का?" भाची नाही म्हणाली. "ते तुझ्या आईनं तुझ्यासाठी केलंय. पुढची खात्री कोणीच देत नाही. पण कधी जड वाटायला लागलं, तर बसायची वाट बघू नकोस. इकडे ये."

औषध बदललं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, कदाचित तेही पुन्हा बदलावं लागेल, आणि ताई बोलू लागली की बोलण्याचे उपचारही करावे लागतील असं सांगितलं. तोवर घरात कोणीतरी सतत तिच्याजवळ असावं. पहारा म्हणून नव्हे, सोबत म्हणून. आणि वडील गेल्यानंतर ताईचं काय काय झालं, ते माहीत असलेलं कोणी असेल तर विचारून या, म्हणाल्या. माहीत असलेलं एकच माणूस उरलं होतं.

मावशी आता ऐंशीची आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दिवाणाखाली पेट्या, खुर्चीवर उशी. मी गेलो तेव्हा ती शर्टाचं बटण लावत होती आणि सुईत दोरा ओवायला मलाच दिला. मी ताईचं सांगितलं. तिने शर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी तिलाच न्यायला आले होते."

मला आधी समजलं नाही.

"तुझ्या आईचं तिच्यावर काय चाललं होतं ते माझ्या कानावर आलं होतं. तुला ती हात लावत नव्हती अजून. म्हणून म्हटलं, पोरीला घेऊन जावं. माझी तयारी करून आले होते. तिच्या मापाचे बूटसुद्धा आणले होते."

सुई माझ्या हातातच होती.

"तिनं ते घातले," मावशी म्हणाली. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून बघितलं. फार आवडले होते तिला. मग बसून बकलं सोडली आणि माझ्या पिशवीत परत ठेवले. म्हणाली, मावशी, ह्याला ने. मी म्हटलं, अगं, मार तुला बसतो ना? तर म्हणते, हो, पण मी मनात मोजत बसते, मोजलं की संपतो. मी गेले की ह्याला बसेल, आणि ह्याला वीसच्या पुढं मोजता येत नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि चुकीच्या गिअरमध्ये. एरवी मी खिडकीतून ओरडलो असतो.

"मला सांगायचं होतं तुला कितीदा," मावशी म्हणाली. "पण तू त्या बुटांवरून इतका छान हसवायचास सगळ्यांना."

मी तिथून सरळ ताईकडे गेलो. दुपारचे तीन वाजले होते. शटर अर्धं वर होतं. भावजी पुढच्या टेबलाशी, एका गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोलत होते. भाची आत पुस्तक घेऊन बसली होती, सोबत म्हणून. ताई स्टुलावर. नव्या गोळ्यांचा तो अकरावा दिवस, आणि फरक शून्य. तिच्या पायांत रबरी चपला होत्या, टाचेपाशी झिजलेल्या. मी त्यांच्याकडेच बघत राहिलो.

काय बोलायचं ते मी रस्ताभर ठरवत आलो होतो. मला माफ कर म्हणणार होतो. तिथे उभा राहिल्यावर ते सगळं पोकळ वाटायला लागलं. जिने आपल्याला वाचवलं तिला माफी मागून काय मिळणार? आणि माझी माफी तिने ऐकली नसती, ती त्या दिवसांत काहीच ऐकत नव्हती. मी दुसरं स्टूल ओढलं, तिच्या बोटांतलं तारेचं टोक सोडवलं, फर्म्याला अडकवलं आणि दांडा धरला. मला या कामातलं ओ का ठो कळत नाही. तार पहिल्याच वेढ्याला वाकडी गेली.

"एक," मी मोठ्याने म्हणालो. "दोन. तीन."

भावजींनी गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. भाची दारात आली. ताई भिंतीकडे बघत होती, रोजच्यासारखी. मी फिरवत गेलो. दहा. अकरा. नव्या बुटांतली ताईची ती भिंत ते भिंत चाल माझ्या डोळ्यांपुढून हलेना. सतरा, अठरा. एकोणीस.

"वीस."

पुढचा आकडा मला येत होता. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, रोज लोकांना मीटर वाचायला शिकवतो. पण तो निघाला नाही. माझा हात दांड्यावर थांबला आणि मी नाक ओढलं, लहान पोरासारखं, सगळ्यांसमोर.

मग ताईची नजर भिंतीवरून खाली आली, माझ्यावर नाही, वाकड्या तारेवर.

"एकवीस," ती म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता, इतक्या दिवसांचा. "मध्ये थांबायचं नसतं रे."

मी दांडा फिरवला.